ओंजळवाल्यांचा स्वभाव

दोन हातांच्या ओंजळीत साधारण अर्धा गिलास पाणी मावतं. बोटं नीट जुळली नाहीत तर त्याहून कमी.

मंडपाचं कापड पूर्णेहून आलं. त्याला आधीच्या कुठल्या तरी लग्नातली हळद लागलेली होती.

जो तांब्या विसळल्याशिवाय पाणी पीत नाही, तो माणूस एस.टी.त बसल्यावर तिकीट दोनदा वाचतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची सायक्लोस्टाईल पत्रिका, ओळ सातवी: विनोदी भाषण.

ऊन उतरायच्या आत एक म्हातारी धुवट लुगडं नेसून मंडपात पुढची जागा धरून बसली.

"नको, पंत." एवढंच. म्हणणारा हसत होता.

*

शाळा ताडकळसच्या अलीकडच्या एका गावात होती. साल चौऱ्याहत्तर, महिना फेब्रुवारी. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात तिवई, तिवईवर माठ, माठावर झाकण आणि झाकणावर पितळी तांब्या. मराठी शिकवणाऱ्या विष्णुपंतांची खुर्ची माठाच्या बरोबर समोर. मधल्या सुट्टीत सगळे आळीपाळीनं तिथं येत, पाणी पीत आणि जात. कितीतरी वर्षं विष्णुपंत नुसतं बघत होते. बहात्तरच्या दुष्काळात माठ निम्माच भरायला लागला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं की माणूस बोलताना खोटं बोलेल, चालताना ढोंग करेल, पण तहान लागल्यावर पाणी पितो तो अस्सल.

त्यांनी वही घातली, पाणी पिण्यावरून माणसांचे प्रकार लिहायची.

प्रकार दुसरा. विसळणारे. आधी तांब्या विसळतात, मग पितात, काही जण पिऊन झाल्यावर पुन्हा विसळतात. जगात घाण आहे हे धरून चालतात. यांना गुपित सांगावं, बाहेर जात नाही. पण उसनी छत्री मागू नये. उदाहरण: मुख्याध्यापक दिनकरराव.

प्रकार चौथा. तोंड लावणारे. तांब्या थेट ओठाला. मोकळा गडी. तुमच्या डब्यातली चटणी न विचारता चाखेल आणि तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर न बोलावता येईल. उदाहरण: चित्रकलेचे भुजंग.

प्रकार पहिला. वरून ओतणारे. तांब्या ओठापासून वीतभर उंच, आणि अंगावर थेंब नाही. यांना शेजार आवडतो, शेजारी आवडत नाहीत.

इथं उदाहरणाची जागा कोरी होती. वरून ओतणाऱ्यांत स्वतः विष्णुपंतच होते. भुजंगांचा उष्टा तांब्या ते तसाच उचलायचे, न विसळता, आणि वरून ओतून प्यायचे.

सिद्धांत चालला. लय चालला. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले, त्यांनी तांब्या दोनदा विसळला, आणि विष्णुपंत भुजंगांच्या कानात म्हणाले, "आता जडवस्तूंची नोंदवही मागणार." साहेबांनी बाकं-कपाटांची तीच नोंदवही मागितली. भुजंगांना हसू आवरेना, ते ठसका लागल्याचं निमित्त करून बाहेर पळाले. पुढं तर देवगाव फाट्याला एस.टी.ची वाट बघतानाही खेळ व्हायचा. हापशावरचा माणूस बघायचा आणि सांगायचं: हा खिडकीची जागा सोडणार नाही, हा म्हातारीला बसायला देईल. दहातले सहा बरोबर निघायचे. चार कुणी लक्षात ठेवत नसे.

आणि प्रकार पाचवा.

ओंजळवाले. भांड्याला हात लावत नाहीत. वाकतात, ओंजळ पुढं करतात, दुसऱ्यानं घालावं आणि यांनी घ्यावं. पुरे झालं की मान हलवतात. मागत नाहीत. नम्रता यांच्या हाडात असते. संतांचा प्रकार. फार दुर्मिळ. उदाहरण: लिंबाजी गुरुजी.

लिंबाजी गुरुजी गणित शिकवायचे. गावाच्या पूर्वेला बौद्धवस्तीत त्यांचं घर. सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत. बोलणं कमी, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. मधल्या सुट्टीत ते खोलीच्या दाराशी उभे राहत, शिपाई सिताराम तांब्या घेऊन बाहेर येई आणि उंचावरून धार धरी. गुरुजी ओंजळीनं पीत. हे रोजचं. विष्णुपंत रोज बघत, आणि त्यांना त्या वाकण्यात काहीतरी सुंदर दिसे.

*

संमेलनाच्या चार दिवस आधी विष्णुपंत म्हणाले, "गुरुजी, भाषणात शेवटी तुम्हाला वर बोलावतो. प्रात्यक्षिक. लोकांना नुसतं सांगून काय कळणार?"

"नको, पंत," लिंबाजी गुरुजी हसत म्हणाले.

"अहो, कौतुकच आहे त्यात!"

गुरुजी वह्यांचा गठ्ठा घेऊन वर्गावर गेले.

"नको म्हणतायत ते," भुजंग म्हणाले.

"पाचवा प्रकार आहे," विष्णुपंत म्हणाले. "आधी नकोच म्हणणार. वहीत लिहिलंय मी."

*

शुक्रवारी मंडप भरला. पोखर्णीच्या यात्रेला नसतील एवढ्या बायका, असं दिनकरराव म्हणाले. पुढच्या सतरंजीवर लिंबाजी गुरुजींची आई, सरजाबाई, आपल्या वस्तीतल्या चार बायकांना घेऊन बसली होती. ती शाळेच्या आवारात पहिल्यांदाच आली होती. लेकाचं नाव पत्रिकेत कुठं आहे ते तिनं पोरींकडून विचारून घेतलं होतं आणि त्या जागेवर बोट ठेवूनच ती बसली होती.

विष्णुपंत रंगात आले. दिनकररावांचं विसळणं त्यांनी असं करून दाखवलं की खुद्द दिनकररावांनी उपरण्यानं डोळे पुसले. भुजंगांची चटणी झाली. तिसरा प्रकार गावच्या पाटलांचा, त्यांच्या घोट घोट पिण्यावर पाटील स्वतःच मोठ्यानं हसले. आणि मग विष्णुपंतांनी आवाज खाली आणला.

"आता शेवटचा प्रकार. यावर हसायचं नाही. हा बघायचा. लिंबाजी गुरुजी, या."

गुरुजी मंडपाच्या खांबाशी उभे होते. ते हलले नाहीत. टाळ्या सुरू झाल्या. पोरं "गुरुजी, गुरुजी" ओरडायला लागली. सिताराम तांब्या घेऊन स्टेजवर येऊन उभासुद्धा राहिला, त्याला कुणी तरी आधीच सांगून ठेवलं होतं. गुरुजी आले. वाकले. ओंजळ केली. सितारामनं वरून धार धरली.

"बघा," विष्णुपंत म्हणाले, "भांड्याला बोट नाही. याला म्हणतात स्वभाव!"

टाळ्या पडल्या. डाव्या बाजूनं पडल्या, मागून पडल्या. पुढच्या सतरंजीवरच्या पाच बायका गप्प होत्या. विनोद कळला नसेल, असं विष्णुपंतांना वाटलं. मग त्यातली एक उठली.

"मास्तर," सरजाबाई म्हणाली. आवाज भांडणाचा नव्हता, विचारल्यासारखा होता. "माझा ल्योक घरी गिलासानं पेतो की वो."

मंडपात पेट्रोमॅक्सचा फुसफुसाट ऐकू यायला लागला.

"लहानपनापासून गिलासानं पेतो. ओंजळीनं पेनं त्याचा सोभाव न्हाई. तुमाला कुनी सांगितलं?"

संगीताच्या मास्तरांनी घाईघाईनं पेटीचा भाता ओढला आणि आठवा कार्यक्रम सुरू केला. लिंबाजी गुरुजींनी रुमालाला हात पुसले, रुमाल नीट चौकोनी घडी करून खिशात ठेवला, खाली उतरले, आईच्या हाताला धरलं आणि दोघं मंडपाबाहेर गेले.

विष्णुपंत स्टेजवर होते. त्यांच्या हातात वही होती. ती ठेवायला जागा सापडेना.

*

घरी पत्नी सुमंगलाबाईंनी पान वाढलं. त्या मंडपात होत्या.

"मला कल्पनाच नव्हती," विष्णुपंत म्हणाले.

"कशाची?"

"ते… सिताराम वरून घालतो, ते का, याची."

सुमंगलाबाईंनी आमटीची वाटी ठेवली. "सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हाला नव्हतं?"

विष्णुपंतांनी घास उचलला आणि खाली ठेवला. माहीत नव्हतं म्हणावं तर आठ वर्षं समोर बसून काय बघितलं? माहीत होतं म्हणावं तर मग वहीत संत कुणी लिहिलं? या दोन प्रश्नांच्या मधे त्यांना बसायला जागा हवी होती, आणि तशी जागा नव्हती. आपण टाळ्यांसाठी थांबलो होतो, तो क्षण पुन्हा पुन्हा येत होता. धार पडत होती आणि आपण हात पसरून लोकांना दाखवत होतो.

*

रविवारी सकाळी ते सायकलवरून लिंबाजी गुरुजींकडे गेले. आजूबाजूच्या शेतांत ज्वारीची काढणी चालली होती. माणसं कंबर सरळ करून त्यांच्याकडे बघत. विष्णुपंत मनाशी ठरवत गेले: पोचल्यावर पाणी विचारतील. आपण ते घ्यायचं. गिलास ओठाला लावून, सगळ्यांना दिसेल असं, अंगणातच.

गुरुजींनी बाज टाकली. सरजाबाई उंबऱ्यात जोंधळे निवडत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा सुपाकडे बघायला लागली.

"गुरुजी, चुकलं माझं," विष्णुपंत म्हणाले. "फार चुकलं. मला खरोखर वाटलं की…"

"मी नको म्हनलो होतो."

"हो."

"दोनदा म्हनायला पायजे होतं का?"

ऊन चढत होतं. त्यांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी आत, चुलीजवळच्या हंड्याकडे बघितलं. पाणी कुणी विचारेना.

लिंबाजी गुरुजींनी त्यांची नजर पकडली. "पानी हाय घरात, पंत. भरपूर हाय. पन तुमी ते आज पिऊन दाखवायला आलात. आमी आता खेळ करनार न्हाई, तुमचाबी न्हाई न् आमचाबी न्हाई."

"मग मी काय करू? सांगा. सांगाल ते करतो."

गुरुजी बाजेच्या कडेला टेकले. "एक करा. उद्या मधल्या सुट्टीत, सगळे बसलेले असताना, सितारामला सांगा: गुरुजी आपलं पानी आपन घेतील. बस. मी म्हनलो तर ती माझी तक्रार ठरती, मग बदलीचा कागद येतो. तुमी म्हनलात तर लोक ऐकतेत. तुमचं तर मंडपभर लोक ऐकतेत."

"एवढंच?"

"एवढंच."

"मास्तर," सरजाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली, "आन् हसवू नका सांगताना."

*

त्या रात्री विष्णुपंतांनी ते वाक्य पाठ केलं. पाच शब्द. गुरुजी आपलं पाणी आपण घेतील. एकदा 'यापुढे' घालून बघितलं, एकदा काढून.

सोमवारी मधली सुट्टी झाली. सगळे आले. शुक्रवारबद्दल कुणी बोललं नाही, आणि सगळे नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होते. लिंबाजी गुरुजी दाराशी येऊन उभे राहिले. सितारामनं तांब्या उचलला.

विष्णुपंत उठले. "सिताराम."

"जी."

दिनकररावांनी डोळे मिचकावले. "काय पंत, सहावा प्रकार सापडला वाटतं?"

दोघं-तिघं हसायच्या तयारीनं वळले. भुजंगांनी चष्मा काढला. विष्णुपंतांनी सितारामकडे बघितलं, मग त्या तयार चेहऱ्यांकडे. दाराकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

"चहा सांग रे," ते म्हणाले. "सगळ्यांना."

आणि बसले.

लिंबाजी गुरुजी दारातून आत आले. सितारामच्या हातातून त्यांनी तांब्या घेतला, म्हणजे हिसकावला नाही, नुसता घेतला, फळ्यावरून खडू घ्यावा तसा. माठात बुडवला. ओठाला लावला. सावकाश, पुरं होईपर्यंत प्याले. झाकणावर ठेवला आणि आपल्या खुर्चीवर येऊन बीजगणिताच्या वह्या काढल्या.

सितारामनं मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी खिडकीकडे. चहा आला, सगळ्यांनी तो प्यायला. माठाकडे कुणी गेलं नाही. भुजंगसुद्धा नाही, आणि ते तर तोंड लावणारे.

घंटेला दोन मिनिटं होती. निदान हे तरी करू, असं विष्णुपंतांनी ठरवलं. ते उठले, माठाशी गेले, तांब्या घेतला, पाण्यात बुडवला. खोली बघत होती. लिंबाजी गुरुजीही बघत होते. आणि विष्णुपंतांच्या हातानं तांब्या गोल फिरवला, एकदा, दोनदा, आणि ते पाणी खिडकीतून बाहेर टाकलं.

हात आपला होता. त्यांनी तो बघितला. ओला होता.

मग त्यांनी तांब्या पुन्हा भरला, पण प्यायला जमेना. लिंबाजी गुरुजींनी लाल पेनचं टोपण लावलं, वह्या उचलल्या आणि घंटा व्हायच्या आतच वर्गावर निघून गेले. जाताना विष्णुपंतांच्या अगदी जवळून गेले. थांबले नाहीत.

*

लिंबाजी गुरुजी या शाळेत रुजू झाले तो दिवस तेरा जून एकोणीसशे सहासष्ट, सोमवार. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी आपण होऊन तांब्या उचलला होता, आणि समोरच्या खुर्चीवरून विष्णुपंत म्हणाले होते, "सिताराम, त्यांना तू घाल रे पाणी."