डिझाईन नंबर चारशे अठरा

मी टॉवेल काढते. म्हणजे टॉवेलवरची फुलं, वेली आणि मोर. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बसवेशअण्णांच्या कारखान्यात सहा वर्षं हेच करतेय, आणि मोर या पक्ष्याचा मला आता मनापासून वीट आलाय.

माझे वडील रावसाहेब याच कारखान्यात एकतीस वर्षं मागावर उभे राहिले. त्यांनी शब्द टाकला म्हणून अण्णांनी मला डिझाईनच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. घरी कुणी आलं की बाबा आजही पाणी द्यायच्या आधी सांगतात, "आमची बुद्धप्रिया खुर्चीवर बसती." त्यामुळे ती खुर्ची सोडायचा विषय आमच्या घरात निघत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मात्र मी त्याच कॉम्प्युटरवर लढाया सजवायचे. जुन्या काळच्या एका व्हिडिओ गेमच्या वेड्या चाहत्यांनी हौसेनं तसाच नवा गेम बनवायला घेतला होता. त्यात राक्षस समोर आला की त्याच्यामागे पडदाभर नक्षी सळसळू लागते. ती नक्षी माझी. रंग फक्त सोळा, आणि एक छोटा चौकोन असा काढायचा की शेजारी शेजारी मांडला तर सांधा दिसता कामा नये. टॉवेलवाल्यांना हे कुणी शिकवायला नको. बाकीच्यांनी टोपणनावं घेतली होती, मी हट्टानं पूर्ण नाव दिलं. गेम संपला की ते पडद्यावर येणार होतं. त्या एका नावासाठी मी दीड वर्ष एका हातानं डबा खाल्ला.

अकरा नक्ष्या झाल्या. बारावी शेवटच्या लढाईची. जांभळ्या वाटा आत आत जातात, वळतात आणि पुन्हा तिथंच येऊन मिळतात. ती काढताना मला इतकं मोकळं वाटलं होतं, की आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

डिझाईन झालं की नंबर टाकून मशीनच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, ही हाताची सवय. हातानं तेच केलं. चारशे अठरा. दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या नवनाथनं नमुन्याचा टॉवेल विणूनही टाकला.

अण्णा तो टॉवेल नाचवतच आले. "कुणी काढलं हे?"

चूक झाली, बाजूला टाका, असं म्हणायला हवं होतं. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं काम डोळे भरून बघत होतं. मी फुशारकीनं म्हणाले, "मी."

टॉवेल धडाक्यात खपला. शेवटच्या लढाईसकट गेमचा थोडा भाग लोकांना खेळून बघायला दिला होता. त्यातल्या एकाला ऑनलाईन दुकानात तो टॉवेल दिसला आणि बोंब झाली: नक्षी सोलापूरच्या टॉवेलवरून चोरलीय. टीमचा प्रमुख चिली देशातला एक दातांचा डॉक्टर, भला माणूस. त्यानं लिहिलं, "हे चित्र तुझं आहे, अशा दोन ओळी कारखान्याकडून आण. नाहीतर मला बाराही नक्ष्या गेममधून काढून टाकाव्या लागतील, आणि तुझं नावही."

मी अण्णांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. "जेवणाच्या सुट्टीत काढलंय हो अण्णा. टॉवेलसाठी नव्हतंच ते. दोन ओळी लिहून द्या."

अण्णा चिडले असते तर बरं झालं असतं. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण ते हसले आणि माझ्यासाठी चहा मागवला.

"तुझं-माझं कधीपासनं करायला लागलीस? रावसाहेबाची पोरगी तू, घरचीच की. घरच्या माणसाला कुणी लिहून देतं व्हय?" मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आणि त्या गेमवाल्यांना कळव, आमची डिझाईन काढून टाका म्हणून. तूच लिही. तुझं इंग्रजी लई चांगलं हाय."

मी लिहिलं. त्यांच्यासमोर बसून, कंपनीच्या नावानं, एकही चूक न करता. अण्णांनी सही केली. डॉक्टरला मी माझ्याकडून वेगळंही कळवलं. त्याचं उत्तर आलं, "कंपनीचं पत्र समोर असताना मी काय करू?" त्याच दिवशी बाराही नक्ष्या उतरल्या आणि माझं नाव गेलं.

संध्याकाळी घरी पोचले तर बाबा दारातच उभे होते. अण्णांनी त्यांना फोन केला होता.

"अण्णा तुला घरची म्हणाले व्हय गं?"

"व्हय."

"केबिनमदी बसवून च्या दिला?"

"दिला."

बाबा उंबऱ्यावर खालीच बसले. "एकतीस वर्सांत मला कदी घरचा न्हाय म्हणाले," एवढंच बोलले आणि डोळे पुसायला लागले.

मग मलाही आवरेना. बाबांनी जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, मीही आनंदानंच रडतेय. मी तसंच वाटू दिलं.