वेई नदीच्या दक्षिण तीरावर

“हे सियान. वेई नदीच्या दक्षिण तीरावर,” फळ्यावर निळ्या खडूने नदी काढत चिंतामण म्हणाला. “ह्युएनत्संग इथूनच निघाला आणि फिरत फिरत आपल्या महाराष्ट्रात आला. आता आपण परतभेटीला जायचं!”

सभागृहात जमलेली सहलीची मंडळी हसली. मी मागच्या खुर्चीवर दातओठ खात बसले होते. भांडायलाच आले होते मी.

चिंतामण माझा धाकटा भाऊ. नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. चौऱ्याऐंशी साली एका प्रवासी कंपनीने चीनची सहल काढली आणि तिथली शहरं समजावून सांगायला याला धरलं. मोबदला म्हणून सहलीत फुकट जागा. तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. माझे यजमान उपेंद्र, याचे मेव्हणे, बासष्टच्या लढाईत त्याच चिन्यांसमोर लोहित नदीच्या खोऱ्यात बेपत्ता झाले, याचं याला काही म्हणजे काही नव्हतं.

बेपत्ताच. सासरच्यांनी श्राद्धाचं काढलं तेव्हा मी ताटं उधळली होती. उपेंद्रांच्या मरणाचा शब्द माझ्यासमोर काढायची कुणाची टाप नव्हती.

“नानकिंग. यांगत्सेच्या दक्षिण तीरावर. लोयांग, लो नदीच्या उत्तर तीरावर...”

प्रत्येक शहराचं तीर सांगायची ही खोड वडिलांची. ते रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत. संकल्प सोडताना आधी नदी आणि तीर सांगायचं, मग माणसाचं नाव घ्यायचं. चिंतामणने भिक्षुकी सोडली, पण चीन सांगायला बसला तरी तोंडात तेच.

घोटीचे भातगिरणीवाले झुंबरशेठ उठले. “सर, त्यांची आपली लढाई झालती ना? काय तरास नाय ना व्हनार?”

“छे हो!” चिंतामण हसला. “जुनं झालं ते. विसरले सगळे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“कोण विसरले रे?” मी उभी राहिले. “नाव घे ना एकेकाचं!”

“ताई, इथे नको. घरी बोलू.”

“इथेच! मोठा आलाय तीरं सांगणारा. सगळ्या चीनची तीरं पाठ आहेत ना तुला? मग सांग, लोहितच्या कोणत्या तीरावर मेले ते?”

चिंतामणच्या हातातला खडू तसाच राहिला. तो घाबरला नव्हता. माझ्याकडे टक लावून बघत होता. माझ्या तोंडून ‘मेले’ निघालं ते त्याने माझ्याआधी ऐकलं होतं.

“माहीत नाही, ताई,” तो हळूच म्हणाला.

मी बाहेर आले. पायरीवर बसले.

आत झुंबरशेठांनी जेवणाचं काहीतरी विचारलं आणि चिंतामण सांगू लागला. आवाज बसला होता, तरी सांगत होता.

मी पदराचं टोक कपाळाजवळ नेलं. कुंकू आज पुसायचं, की आधी श्राद्धाची तिथी ठरवायची, हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला माहेरचं माणूस एकच उरलं होतं, आणि ते आत होतं.