जिजाची बहीण

गंजाडच्या अंगणवाडीत भिंतीला नकाशा लावून मी अर्धा तास बोलले. दोन वर्षांपूर्वी इथल्या, तलासरीच्या आणि समुद्रकाठच्या धाकटी डहाणूच्या लोकांनी आम्हाला डीएनए तपासायला छोट्या नळीत थुंकी दिली होती. त्यातून काय कळलं ते परत येऊन सांगेन, असं मी तेव्हा कबूल केलं होतं.

मी सोपं करून सांगितलं. आपल्या देशात एकाच मुळाचं कोणीच नाही. फार जुन्या काळी इथं आलेली माणसं, त्यांच्यानंतर आलेली, पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून आलेली, सगळी एकमेकांत मिसळली. गंजाडच्या शेतकऱ्यात आणि धाकटी डहाणूच्या मच्छीमारात तेच प्रवाह आहेत, फक्त प्रमाण कमी-जास्त आहे. आईकडून तिच्या आईकडे असं मागे जात राहिलं, तर दोन्हीकडच्या कितीतरी बायका एकाच आजीपाशी पोचतात.

"केवढी जुनी आजी?" पुढे बसलेल्या एका बाईनं विचारलं.

"हजारो वर्षांपूर्वीची."

"म्हंजे माझ्या सासूएवढी," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

हसू ओसरल्यावर मागच्या भिंतीशी टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ते झालं. आता माझी गंगी कुठं हाय ते सांग."

माझ्या शेजारी रविना उभी होती, गावची आशा कार्यकर्ती. म्हातारी तिची आजी, जिजा. रविना हळूच म्हणाली, "आजी, ते नंतर."

"नंतर कवा? दोन वरसं नंतरच चाललंय."

बायका पांगल्यावर रविनाने मला सगळं सांगितलं. नमुने घ्यायच्या वेळी तिनेच घरोघर जाऊन समजावलं होतं की थुंकीवरून तुमचं नातं कोणाशी आहे ते कळतं. वाक्य चुकीचं नव्हतं. जिजाने तिला एवढंच विचारलं होतं, धाकटी डहाणूच्या बायकांची पण घेणार का? हो म्हटल्यावर तिने स्वतःची तर दिलीच, वर पाड्यावरच्या नको म्हणणाऱ्या बायकांनाही हाताला धरून आणलं. जितक्या जणी देतील तितकी आपली बहीण लवकर सापडेल, असा तिचा हिशेब होता.

जिजा ओट्यावर पाय सोडून बसली होती. तिने जे सांगितलं ते असं. एका वर्षी भात पार गेला. समुद्राकडची एक बाई सुकी मासळी घेऊन पाड्यावर यायची आणि बदल्यात नाचणी, वाल घेऊन जायची. त्या वर्षी दिवाळीनंतर ती गंगीला आपल्याबरोबर घेऊन गेली. तिला बोंबील वाळवायला हाताखाली पोरगी हवी होती आणि पोरीला दोन वेळचं पोटाला मिळणार होतं. होळीला परत पाठवते, असं ती म्हणाली होती. गंगी दहा वर्षांची, जिजा पाचची. होळी झाली, पाऊसही आला, तेव्हा बाप धाकटी डहाणूला गेला. तिथं त्याला सांगितलं, ती तर होळीआधीच घरी गेली.

"खोटं बोलली ती माणसं," जिजा म्हणाली. "बाप मरेस्तोवर सांगायचा, त्यांनी तिला ठेवून घेतली, नाव बदललं आणि कुठल्या होडीवाल्याला देऊन टाकली. माणूस खोटं बोलतो. थुंकी बोलत नाय."

"तुम्ही कधी गेला नाहीत तिकडे?"

"आधी बाप जाऊ देत नव्हता, मग नवरा." तिने सोडलेले पाय वर घेतले. "मग मलाच भ्या वाटलं. ती समोर आली आन् तिनं मला ओळखलं नाय, तर?"

गंगीचं कोणी तिथं सापडलं का, याचं उत्तर माझ्याकडे वर्षभर पडून होतं. असा कोणाचा प्रश्न आहे, हेच मला माहीत नव्हतं. आमच्या कामात सगळ्यात आधी जवळचे नातेवाईक शोधावे लागतात. मायलेकी, बहिणी, मावशी-भाची अशी जोडी निघाली की तिच्यातला एक नमुना बाजूला काढायचा, नाहीतर एकच घर दोनदा मोजलं जातं. आम्ही नातं शोधतो ते वगळण्यासाठी. अशा जोड्या गंजाडच्या गंजाडात निघाल्या होत्या आणि धाकटी डहाणूच्या धाकटी डहाणूत. या गावातून त्या गावात जाणारी एकही नव्हती. एकाची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही, असा नियम आहे. पण इथे द्यायला कोणाचंच काही नव्हतं.

"आजी, तिथं तुमची बहीण सापडली नाही. तिची मुलगी नाही, नातही नाही."

"नीट बघितलं?"

"बघितलं. पण सगळ्याच बायकांनी दिली नव्हती. काही लग्न होऊन बाहेरगावी गेल्या असतील. सापडली नाही म्हणजे तिथं नव्हतीच, असं म्हणता येत नाही."

"मघाशी तर म्हणालीस, त्यांची आमची आजी एक."

"ती फार मागची. तसं पाहिलं तर तिथल्या कितीतरी बायका तुमच्या बहिणीच—"

"मी त्या सगळ्या घेऊन काय करू?" तिने मला मध्येच तोडलं. "मला एकच पाहिजे."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "तू कुठली गो?"

"धाकटी डहाणूची."

"हां. मग बरोबर. आपल्या माणसांवर बोल कोण येऊ देईल?"

"आजी!" रविना कळवळली.

"उद्या तुम्हीच या आमच्या गावी," मी म्हणाले. "तुम्हीच विचारा त्यांना."

संध्याकाळी घरी आईला विचारलं. गंजाडच्या बाजूला मासळी घेऊन फिरणारी त्या काळी आमच्या गावात एकच बाई होती, जमुनाआत्याची आई. ती कधीच वारली. जमुनाआत्या आमच्या आळीतली सगळ्यात वयस्कर बाई आहे. नात्याची नाही, पण सगळ्यांचीच आत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रविनाने आजीला रिक्षातून आणून सोडलं आणि ती तिच्या कामाला गेली. खाडीकडच्या खळ्यावर बांबूंना बोंबील टांगले होते, खाली बायका करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत पसरत होत्या. जिजा त्यांच्यामधून सावकाश चालू लागली. तरुण बायकांकडे ती बघतच नव्हती. म्हातारी दिसली की थांबायची, वाकून तिचं तोंड बघायची, मग पुढे जायची.

"काय गो बाय," एकीने हटकलं, "बोंबील बघतेस का सून शोधतेस?"

"बहीण," जिजा म्हणाली.

खळ्याच्या टोकाला जमुनाआत्या बसली होती. मी तिला सांगायला लागले, गंजाडच्या आहेत, यांची बहीण गंगी— तेवढ्यात तिने हातातले बोंबील टोपलीत टाकले.

"तू जिजा?"

जिजा उभीच राहिली. "तुला माझं नाव कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? चार महिने माझ्या बाजूला झोपायची ती. जिजा अशी, जिजा तशी. डोकं उठवलेलं तिने माझं." जमुनाआत्याने गोणपाटावर जागा करून दिली. "बस गो. ती होळीला चार दिवस असताना निघाली. आय बोलत होती, थांब, मी फेरीला जाईन तेव्हा सोडते. नाही ऐकली. होळी बघायला जिजाला खांद्यावर कोण घेईल, म्हणाली. बारकी करंदी बांधून घेतलेली फडक्यात, तुझ्यासाठी. मी तिला रेल्वेच्या फाटकापर्यंत सोडलं. पलीकडे जाऊन तिने हात केला आणि चालायला लागली."

"एकटी?"

"एकटीच. वाट ठाऊक हाय, बोलली."

"मग माझा बाप आला तवा?"

"आला तर शिव्या देत आला. आय रडली. नंतर आमच्याकडे सगळे बोलायचे, पोरगी घरी बसवून हा आमच्याकडून काहीतरी उकळायला आलाय." जमुनाआत्याने जिजाकडे वळून बघितलं. मग तिने विचारलं, "म्हणजे पोचलीच नाही ती?"

जिजाने मान हलवली.

"मग रस्त्यात नाही शोधली तुम्ही?"

"आम्हाला वाटलं हितंच हाय. तुमी?"

"आम्हाला वाटलं घरी हाय."

इतकी वर्षं एका गावाने तिला दुसऱ्या गावात ठेवून दिलं होतं आणि मधल्या वाटेवर कोणी बघितलंच नव्हतं.

जमुनाआत्याने जेवायला थांबवायचा प्रयत्न केला, पण जिजा उठली. तिला सोडायला मी रिक्षा केली. रेल्वे ओलांडून आम्ही पूर्वेला लागलो. ती कडेला सरकून बसली होती, एका हाताने दांडा धरून. सरावली गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना चिकूच्या बागा होत्या, मध्येच एखादा पाडा.

"मला खांद्यावर घ्यायला निघाली," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा बोलली, "दहा वरसांची पोर. ऊन लागलं असंल. कुठं बसली असंल. कोणी पाणी दिलं असंल, घरात घेतली असंल. घेतात की नाय?"

"घेतात," मी म्हणाले.

दहा वर्षांच्या मुलीला आपल्या गावाचं नाव सांगता येतं. तरी ती घरी का पोचली नसेल, याची मला एकाहून जास्त उत्तरं सुचत होती. त्यातलं एकही मी बोलले नाही.

आशागडला रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बायका बसल्या होत्या. जिजाने रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. "थांबव रं पोरा."

मी हात द्यायच्या आत ती उतरली. ओळीत सगळ्यात म्हातारी होती तिच्यासमोर उकिडवी बसली. भाजीला तिने हातसुद्धा लावला नाही.

"बाय, तुझं माहेर कुठलं?"

"हितलंच. का गो?"

जिजा सरकत पुढच्या म्हातारीपाशी गेली. "तुझं?"

"मॅडम, किती वेळ लागेल?" रिक्षावाल्याने विचारलं.

मी त्याला रिक्षा सावलीत लावायला सांगितलं आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाच्या म्हातारीकडे चालू लागले.