फोनची खंडेनवमी

विजयादशमीच्या सकाळी कानडी मुलखातल्या बोगादीच्या एका घरात दोन पुरुष एका फोनवर वाकले होते, तिसरा खुर्चीत बसला होता आणि गोदावरीबाई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे, तांदळात निघालेल्या किड्यांकडे पाहावं तशा पाहत होत्या.

फोन त्यांच्या नातवाचा, शरतचा. दोन वर्षं घरी बसून काढल्यावर त्याला इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत काम लागलं होतं. ऑफिसात जायचं नाही, घरूनच इस्पितळात, सणाच्या दिवशीसुद्धा; हजेरी फोनवरच. सकाळी नऊच्या आत अ‍ॅप उघडायचं, माणूस कुठे आहे ते अ‍ॅपनं बघायचं आणि हजर म्हणायचं. शरतचे दोन खाडे आधीच पडले होते. तिसरा पडला तर पुन्हा येऊ नकोस, असं साहेबानं बजावलं होतं. आणि आज अ‍ॅप म्हणत होतं, तुमचं ठिकाण मिळत नाही. साहेबाला विचारलं, तर तो म्हणाला फोन तुझा, तू बघ.

गोदावरीबाईंना या युगाची कीवसुद्धा येत नव्हती. मुलगा स्वतःच्या घरात, सख्ख्या आजीसमोर उभा, आणि म्हणे त्याचं ठिकाण मिळत नाही. पूर्वी शहरातल्या मंडी मोहल्ल्यात राहत होत्या तेव्हा घरातलं कोण कुठे गेलंय हे कोपऱ्यावरच्या फूलवालीला ठाऊक असायचं. शरतचा बाप शाळा चुकवून तळ्यावर गेला की तो परतायच्या आत बातमी चुलीपाशी पोचलेली असायची. तिला ना आभाळ लागायचं, ना उपग्रह.

फोन सध्या शेजारच्या नरसिंहमूर्तींच्या हातात होता. हे निवृत्त इंजिनियर. गल्लीत कुणाचा दिवा गेला तरी यांना बोलावणं जायचं आणि दिवा पेटेपर्यंत पाहुण्याचा चहा व्हायचा. त्यांनी लोकेशन बंद करून चालू केलं. मग फोनच बंद करून चालू केला. मग कव्हर काढलं, फुंकर मारली आणि फोन गच्चीवर नेला. नकाशात निळा ठिपका थेट याच घरावर दिसत होता. म्हणजे फोनला सगळं कळत होतं, अ‍ॅपला तेवढं कळत नव्हतं. शरत हे पुटपुटला, पण म्हाताऱ्या मूर्तींच्या हातून फोन काही त्याला परत मिळेना आणि हिसकावून घ्यायचा धीर त्याला होईना. घराण्यातलं शौर्य एकदा भिंतीवर टांगून ठेवलं की असंच व्हायचं, गोदावरीबाईंनी मनाशी म्हटलं.

दुसरा म्हातारा म्हणजे त्यांचे यजमान, रघुनाथराव. ज्येष्ठ नागरिकांच्या स्मार्टफोन वर्गात त्यांना एक प्रमाणपत्र मिळालं होतं, ते त्यांनी वाडवडिलांच्या तलवारीशेजारी खिळा ठोकून लावलं होतं. एरवी फोनचं नाव निघालं की ते तासभर बोलायचे थांबत नसत. आज मात्र ते वेताच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. बराच वेळ एकच पान.

ते पान पाहूनच गोदावरीबाईंच्या डोक्यात लख्ख झालं.

काल खंडेनवमी. तलवार, विळी, सुऱ्या, शिवणयंत्र, शरतची स्कूटर, त्याची हत्यारांची पेटी आणि त्याचा फोन, सगळ्यांना गंधफूल झालं. पूजा आटोपल्यावर रघुनाथराव बराच वेळ तो फोन घेऊन बसले होते. फोनच्या कुलपाचा आकडा त्यांना ठाऊक होता. काय चाललंय, असं विचारल्यावर म्हणाले होते, हजेरीच्या अ‍ॅपला विश्रांती देतोय, पोराचं शस्त्र तेच. त्यांच्या नेहमीच्या बडबडीतलं एक म्हणून गोदावरीबाईंनी ते कानाआड केलं होतं.

विश्रांती. सासऱ्यांच्या, खंडोजीरावांच्या काळात विश्रांती कशी असे ते त्यांना आठवलं. इथल्या संस्थानच्या महाराजांच्या घोडदळात होता तो माणूस. नवमीला घरात सुरी चालत नसे. नव्या सुनेनं घेवडा हातानं मोडून भाजी केली होती. पण खंडोजीराव फक्त स्वतःची तलवार पूजेला ठेवत. विळीला हातसुद्धा लावला नाही. ज्याचं हत्यार त्यानंच ठेवायचं आणि त्यानंच उचलायचं, सूनबाई, असं म्हणाले होते. त्यांच्या मुलाकडे स्वतःचं हत्यार कधी नव्हतंच. कचेरीतली शाई होती, ती वाळून गेली. म्हणून आता दुसऱ्याच्या हत्यारांवर हा थाट.

नऊला थोडा अवकाश होता. नरसिंहमूर्तींनी निकाल दिला की अ‍ॅप काढून टाकून नव्यानं घालायचं. शरत कासावीस झाला. अ‍ॅप काढलं तर ऑफिसातून नवा कोड घ्यावा लागतो आणि ऑफिस आज बंद, असं त्यानं सांगून पाहिलं. मूर्तींनी त्याला सुम्ने इरप्पा म्हणून गप्प बसवलं आणि बोट अ‍ॅपवर दाबून धरलं.

गोदावरीबाई पुढे आल्या. नवऱ्याला त्यांनी एक संधी दिली, तीही मराठीत, म्हणजे घरातली गोष्ट घरात राहील. मूर्तींना मराठीचं अक्षर कळत नसे.

"काल काय केलंत ते सांगा त्यांना."

रघुनाथरावांनी पान उलटलं. "यातलं तुला काय कळतंय? त्यांना बघू दे."

बस. आता त्या कन्नडात बोलल्या, सावकाश, शेजाऱ्याला एकेक शब्द नीट पोचेल अशा.

"मूर्तीगळे, फोन मुलाकडे द्या. या अ‍ॅपनं ठिकाण बघायचं नाही असं काल आमच्या यजमानांनी स्वतः करून ठेवलंय. पूजा म्हणून. सकाळपासून त्यांना माहीत आहे आणि ते तुम्हाला गच्चीवर चढताना बघतायत."

मूर्तींनी बोट उचललं. एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा फोनकडे. शरतनं फोन घेतला, सेटिंग उघडली, अ‍ॅपचं नाव शोधलं. तिथे ठिकाणाच्या परवानगीपुढे नकार होता. त्यानं तो बदलला. अ‍ॅपनं क्षणभर विचार केला आणि हजर म्हटलं. शरत भिंतीला टेकून खालीच बसला.

"संध्याकाळी बन्नीची, शमीची पूजा झाली की मी काढणारच होतो," रघुनाथराव वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"नोकरीसकट," गोदावरीबाई म्हणाल्या. हेही कन्नडात.

मूर्तींना एकाएकी घरी काम आठवलं. चहा अर्धा ठेवून ते गेले. अख्खी गल्ली संध्याकाळपर्यंत ही गोष्ट ऐकणार हे ठरलंच.

शरत आवरून बाहेर आला. सणाच्या दिवशी थोरांना नमस्कार केल्याशिवाय या घरातून कुणी कामाला जात नाही. रघुनाथरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, चेहरा थोडा पोक्त केला आणि दोन्ही पाय पुढे काढून ठेवले. शरत आजीच्या पायाशी वाकला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. मग त्यानं हत्यारांची पेटी उचलली, त्या पुढे आलेल्या पायांकडे पाहिलं आणि थोरांचे पाय ओलांडू नयेत म्हणून मागच्या दारानं निघून गेला.

स्कूटरचा आवाज लांब गेला. रघुनाथराव तसेच बसले होते, पाय तसेच पुढे.

"पाय आत घ्या," केरसुणी घेऊन आलेल्या गोदावरीबाई म्हणाल्या. "केर काढायचाय."