कप्तान भिवाचं सुतक

धोंडीराम मेला, ही बातमी धोंडीरामलाच सगळ्यांत शेवटी कळली.

दूध संस्थेच्या खोलीत तो रेकॉर्डिंगची तयारी करत बसला होता. मोबाइल उघडला तर त्यात त्याचाच फोटो, फोटोला हार, खाली समई आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शोकाकुल म्हणून नाव होतं समस्त भिवासेनेचं.

आता ही भिवासेना कोण, ते सांगायला हवं. पाटोद्याजवळच्या या गावात धोंडीराम दूध संस्थेचा सचिव. दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं आणि संस्थेतल्या यंत्राची घरघरसुद्धा बंद झाली. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बोलायला माणूस नाही म्हणून हा गडी मोबाइलशी बोलायला लागला. 'तहानलेले तारे' नावाची गोष्ट रचून दर रविवारी तिचा एक भाग तो स्वतःच्या आवाजात नेटवर टाकायचा. कप्तान भिवा 'घागर' नावाचं यान घेऊन ग्रहाग्रहांवर पाणी शोधत फिरतो आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पाणी लागतंच. लोकांनी भिवाला डोक्यावर घेतलं. पुण्याच्या कंपन्यांतली पोरं, ऊसतोडीच्या फडावरची माणसं, सगळी ऐकू लागली. भिवाच्या चित्राचे टी-शर्ट निघाले, मग सेनाही निघाली.

आणि धोंडीरामने भिवाला मारलं.

कारण साधं होतं. बाहेर बाया टँकरमागे घागरी घेऊन पळत होत्या आणि हा आत बसून दर रविवारी पाणी काढत होता. त्याची त्यालाच लाज वाटायला लागली. म्हणून भिवाने आपल्या वाट्याचं पाणी यानातल्या लेकरांना पाजलं आणि तो एका कोरड्या ग्रहावर मेला. पाणी काही लागलं नाही.

मग सेना अशी उसळली की विचारू नका. कालपर्यंत 'सर, सर' करणारे आज आईबहिणीवर आले. 'भिवा आमचा हाय, तू कोण बे त्याला मारणारा?' 'पैसे खाऊन मारलं.' कुणी रविवारपर्यंतची मुदत दिली: भिवा जित्ता झाला पाहिजे, न्हाई तर तुझा नंबर. ज्याने भिवा जन्माला घातला तोच परका ठरला. लोकांनी डोक्यावर घेतलेलं माणूस आपटतं तेही डोक्याएवढ्या उंचीवरूनच.

धोंडीराम हादरला. घरात दुसरं माणूस असतं तर निम्म्या शिव्या त्याने वाटून घेतल्या असत्या. शेवटी त्याने हार मानली. 'भिवाने हळूच डोळे उघडले' हे वाक्य कागदावर लिहून तयार होतं, फक्त बोलायचं बाकी होतं. तेवढ्यात ही श्रद्धांजली आली.

गंमत म्हणजे त्याला राग आला नाही. उलट एक खुळी आशा वाटली. मेल्याची बातमी आहे, आता कुणीतरी फोन करून विचारेलच. फोन समोर ठेवून तो बसून राहिला. दुपार टळली. सेनेचे हसरे चेहरे आणि टाळ्या येत राहिल्या, पण फोन एकही आला नाही. अंबाजोगाईचा सख्खा भाऊ भारत, त्याचाही नाही. शिव्यांनी झालं नव्हतं तेवढं दुःख त्याला या गप्प फोनने झालं.

दिवस कलता बायनाबाई आली. ही थोरली बहीण, लिंबागणेशकडे दिलेली, सध्या जनावरांबरोबर छावणीत राहत होती. वेशीपासूनच तिने गळा काढला होता. खोलीच्या दारात आली आणि भावाला खुर्चीत बसलेला पाहून तिचा हंबरडा मधेच थांबला.

"मुडद्या, जित्ता हायस?" म्हणत तिने त्याच्या पाठीत धपका घातला आणि मग त्याच पाठीवरून हात फिरवत राहिली.

"अक्का, तू कशी आलीस? भारतचा फोनबी न्हाई आला."

"कुणीच येणार न्हाई. भारत म्हणला, धोंड्याला कावळा शिवला असंल, म्हणून मेल्याचा खोटा सांगावा धाडलाय. त्याची बायको जरा रडली म्हणं, मग लागली सैपाकाला."

अंगाला कावळा शिवणं हा मरणाचा अपशकुन; तसं झालं की मेल्याचा खोटा सांगावा पाठवायचा, तो ऐकून नात्यातलं माणूस रडलं की संकट टळतं, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीने नातेवाईक आपापल्या घरी रडून मोकळे झाले होते. त्यांनी भलंच चिंतलं होतं, त्यांना बोल तरी काय लावणार?

"मग तू कावून आलीस?"

"खोटा असला तर बरंच की. पण खरा असला तर? तुझ्याजवळ बसायला कोण व्हतं?"

धोंडीरामने उठून तिला आपल्या खुर्चीत बसवलं. मग त्याने सगळं सांगितलं. हा सांगावा मी धाडला नाही, भिवाला मारला म्हणून त्याच्या भक्तांनी मला मारलं. आता त्याला जिवंत करतो, म्हणजे सुटेन.

"त्यो मेला तवा आमी छावणीतल्या बाया गव्हाणीपाशी ऐकत बसलो व्हतो," बायनाबाई म्हणाली. "त्या दिशी कुणी जेवलं न्हाई."

"मग करू का जित्ता?"

उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि तिचा बांधच फुटला. दारात अडलेलं रडणं आता भिवाकडे वळलं. "आरं माझ्या भिवा रं! दुसऱ्याच्या लेकरांसाठी तू कोरडा गेलास रं! त्या दगडी ग्रहावरच्या म्हातारीला घोटभर ठिवून आलतास रं! दोन सूर्यांच्या उन्हात यान वढलंस, पर कुणाला वाकडं बोलला न्हाईस रं!"

बाया मेलेल्याचे गुण घेऊन रडतात, तशी ती एकेका भागातलं घेऊन रडली. म्हातारीसाठी ठेवलेला घोट धोंडीराम स्वतः विसरला होता. आमचा भिवा, आमचा भिवा म्हणणाऱ्या सेनेतल्या एकालाही तो आठवला नव्हता. धोंडीरामचे डोळे वाहू लागले. आपणच मारलेल्या माणसावर तो पहिल्यांदाच रडत होता. असं रडून झाल्यावर कुणाला परत उठवत नाहीत. डोळे पुसून त्याने तो कागद फाडला.

म्हशी खोळंबल्या असतील म्हणून बायनाबाई राहायला तयार नव्हती. शेवटच्या एसटीला तो तिला सोडायला गेला. खिशात मोबाइल शिव्यांनी थरथरत होता.

"येळेवर जेवत जा रं," खिडकीतून ती म्हणाली आणि गाडी हलली.

तेव्हा कुठे धोंडीरामच्या मनात आलं, की अक्का छावणीपासून इथवर आपल्यावर रडत आली. आपले कोणते गुण घेतले असतील तिने? निदान एखादा तरी घेतलाच असेल ना? विचारावं असं फार वाटत होतं. पण जित्या माणसाने ते विचारायचं कसं, हे न कळल्याने गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो नुसता हात हलवत राहिला.