पाणी पिऊन तापणारा दगड

"मागे सरा, मागे सरा! दगड बोलायला लागला!"

सकाळचे सात वाजले होते आणि शेख अबू हमामाच्या अंगणात मुंगीला शिरायलाही जागा नव्हती. अस्वानच्या दगडखाणींजवळची ही वस्ती. जन्मभर ग्रॅनाइट फोडलेली माणसं आज ग्रॅनाइटच्याच एका गुलाबी लादीपुढे हात पसरून उभी होती. बायका लादीवरच्या भोकात नाईलचं पाणी ओतायच्या. आतून चर्रर्र आवाज यायचा, वाफ निघायची, आणि थोड्याच वेळात दगड गरम व्हायचा. थंड पाण्याने तापणारा दगड!

"ऐका, अल्लाचं नाव घेतोय!" शेख डोळे मिटून गर्जायचा. मग लोक दुखरे गुडघे लादीला टेकवायचे.

इन्शिराह मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मुलींच्या शाळेत ती सव्वीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवत होती. विद्यार्थिनी तिला 'अब्ला', म्हणजे बाई, म्हणायच्या, म्हणून सगळी वस्तीच म्हणायची, सख्खी बहीणसुद्धा. या वर्षांत तिने जिन्न उतरवणारे पाहिले, पुरलेलं सोनं हुंगणारे पाहिले, आणि दर वेळी घसा कोरडा करून लोकांना समजावलं. आता तिला वीट आला होता. आज ती आलीही नसती. पण रांगेत तिची धाकटी बहीण अतियात उभी होती, आपल्या अकरा वर्षांच्या लेकीचा, शुरूकचा हात धरून. पोरीला सांध्यांचा ताप येऊन गेला होता. तो उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं होतं, आणि अतियातने दोन इंजेक्शनं चुकवली होती.

"अगं, तिला धाप लागतेय. दिसत नाही का तुला?"

"गुडघे दुखायचे थांबलेत, अब्ला! तुझ्या त्या सुईने पोर रडते, इथे हसते. सांग ना, काय चुकलं माझं?"

शेखने हे ऐकलं आणि आवाज आणखी चढवला. "कुणी म्हणेल भोंदूगिरी! पण आपल्या अब्लानेच वर्गात शिकवलंय, खडक आतून उष्णता तयार करतो! युरेनियम! थोरियम! दगडाच्या पोटातला दिवा! काय अब्ला, खोटं बोलतोय का मी?"

सगळी गर्दी तिच्याकडे वळली. इन्शिराहने कपाळावर हात मारला. मेल्याने तिचाच धडा तिच्या तोंडावर फेकला होता, आणि धडा खरा होता.

"खरं आहे," ती म्हणाली.

अतियातचा चेहरा फुलला.

"पण किती उष्णता, तेही ऐका. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच ठोकळा घ्या. त्याची सगळी उष्णता जराही वाया न घालवता साठवली, तर चहाचा एक पेला उकळायला तीनशे वर्षं लागतील."

"एवढा वेळ तर माझी सूनही लावत नाही!" म्हातारा पाथरवट बशारी म्हणाला. लोक हसले.

"मैलोगणती जाड खडक आणि कोट्यवधी वर्षं लागतात, तेव्हा कुठे जमीन खोलवर गरम राहते. आणि ती उष्णता कुणाचं ऐकत नाही. दगड भाजा, गोठवा, भिजवा, ती तेवढीच. मग शेखसाहेब, तुमच्या दगडाला पाणी कशाला लागतं?"

शेख अडखळला. "तो... तो आधी वुजू करतो, नमाजाआधी आपण हातपाय धुतो तसा!"

"कुठे करतो ते बघूया. बशारीचाचा, पहार आहे का?"

"हात लावाल तर आंधळे व्हाल!"

"पन्नास वर्षं दगडाची धूळ खाल्लीय," बशारी म्हणाला, "निम्मा आंधळा झालोच आहे." आणि त्याने लादी उचकटली.

खाली खड्डा होता. त्यात पांढरे खडे फुगत होते, तडकत होते, वाफाळत होते.

"अरेच्चा, हा तर कळीचा चुना! भिंतीला लावायला आम्ही विरवतो तोच!"

इन्शिराहने फावड्यावर एक कोरडा खडा घेऊन जवळच्या बादलीत टाकला. चर्रर्र झालं. "घ्या, बादलीही अल्लाचं नाव घेतेय. चुना त्याने भरला, पाणी तुम्ही ओतलंत. चमत्कार तुम्हीच केलात."

काही हसले, काहींनी माना खाली घातल्या. शेख मागच्या दाराने कधी सटकला ते कळलंच नाही.

"पण तिचे गुडघे..." अतियात पुटपुटली.

"गुडघ्यांना गरम विटेनेही बरं वाटतं. इंजेक्शन गुडघ्यांसाठी नव्हतंच गं. ते काळजासाठी होतं."

दुपारी इस्पितळात डॉक्टरने शुरूकच्या छातीला बराच वेळ नळी लावली. "आजार उलटलाय," तो म्हणाला. "हृदयाची एक झडप गळायला लागलीय. मागच्या वेळी हा आवाज नव्हता."

अतियातने दोन्ही हातांनी गाल बडवून घेतले. "नीट होईल ना हो?"

"आणखी बिघडू न देणं आपल्या हातात आहे. त्यापुढचं आज सांगता येत नाही."

इन्शिराहला बहिणीवर रागवायचं होतं, पण अंगात त्राणच उरलं नव्हतं. व्हरांड्यात वस्तीतल्या चार बायका येऊन थांबल्या होत्या. त्यांना ती एवढंच म्हणाली, "बायांनो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कुणी काहीही सांगितलं तरी विचारा, हे कशाने होतं? किती होतं? आणि त्यासाठी आपण काय सोडतोय?"

आत अतियातने पोरीला मांडीवर आडवं घेतलं, तिचे हात घट्ट धरले आणि नर्सला म्हणाली, "द्या." शुरूक रडली. दोन महिन्यांपूर्वी ती अशीच रडली होती, तेव्हा तिची झडप शाबूत होती.