तीन तांब्यांचा दिवा

चौऱ्याऐंशी साली मारुतीरावांची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. तरी शहापुरातल्या त्यांच्या घरचा माग थांबला नाही. थांबून चालण्यासारखे नव्हते. पुढच्या खोलीत रुक्माबाई यंत्रमागावर उभ्या असत, आतल्या खोलीत मारुतीराव बाजेवर पडून असत, आणि दोघांच्या मधे भिंतीपेक्षाही जाड असा मागाचा खडखडाट असे. घशातून निघणारी त्यांची अर्धीमुर्धी हाक त्या आवाजात कुठल्या कुठे विरून जाई.

ती हाक ऐकू येत नाही तर निदान दिसावी, म्हणून त्यांच्या मुलाने, भावकूने, एक दिवा केला. भावकू मच्छे येथील एका कारखान्यात फिटर होता. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. संध्याकाळी घरी आला की माळ्यावर मिठाचे पाणी, जस्ताचे तुकडे आणि तारा यांच्यात तो रमे. दोन वर्षे तो घरगुती सेल बनवत होता, मोडत होता, वहीत आकडे लिहीत होता. आता त्याने आईच्या रुखवतातले तांब्याचे तीन तांबे मागून घेतले, त्यांची आतली कल्हई काचपेपरने घासून काढली, मिठाचे पाणी भरले आणि जुन्या सेलच्या जस्ती डब्या कापून केलेली एकेक पट्टी लाकडी झाकणातून आत सोडली, भांड्याच्या अंगाला लागणार नाही अशी. तिन्ही तांबे तारेने एकापुढे एक जोडले. एक तार आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, डाव्या हाताशी ठेवलेल्या बटणापर्यंत नेली, दुसरी मागावर टांगलेल्या हरभऱ्याएवढ्या तांबड्या दिव्यापर्यंत. बटण दाबले की दिवा लागे.

शेजारचा शामू बघायला आला आणि म्हणाला, "केईबीच्या लाईटवाल्यांच्या कानावर जाऊ देऊ नगंस रं. तांब्याला मीटर बसवून जातील."

मारुतीरावांचा डावा गाल हलला. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

बाजारातल्या दोन सेलवर हे काम सहज झाले असते. आईने तसे सुचवलेही होते. पण ज्या छंदाला घरात आजवर नावेच ठेवली गेली, तो पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडत होता. तो मान दुकानातल्या सेलला द्यायचे भावकूच्या जिवावर आले. पाणी कसे बदलायचे, तारांचे चिमटे कुठे लावायचे हे त्याने आईला शिकवले. जस्तासमोर तांबे उघडेच का लागते, ते मात्र सांगितले नाही. आपल्या त्या एवढ्याशा ज्ञानाभोवती त्याने नकळत कुंपण घातले होते, आणि आत एकट्यानेच बसण्याचे त्याला सुख होते.

पाच आठवडे दिवा चालला. सकाळी निघताना भावकू मागापाशी उभा राही, आप्पा आतून एकदा बटण दाबत, दिवा लुकलुके. बापलेकांत एवढेच बोलणे उरले होते. मग तो सायकल काढी.

त्या गुरुवारीही दिवा लुकलुकला होता. संध्याकाळी तो परतला तेव्हा माग बंद होता आणि उंबऱ्याशी शेजाऱ्यांच्या चपला होत्या. आप्पा बाजेवर होते, कपाळाला पट्टी होती. आईने तुटक तुटक सांगितले. दुपारी मागावरची दोऱ्याची कांडी बदलताना ती सहज आत डोकावली, तर ते जमिनीवर पडलेले. पाणी हवे होते, म्हणून आपणच उठायला गेले असावेत. डॉक्टर येऊन गेले, हाड शाबूत होते. पण बटण मुठीतच होते आणि अंगठ्यावर त्याचा गोल वळ उमटला होता. त्यांनी किती वेळा दाबले असेल, याचा विचार भावकूला करवेना.

तो तांब्यांपाशी गेला. प्रत्येक चिमट्याला रेशमाचा एकेक धागा बांधलेला होता: जांभळा, हिरवा, पिवळा. सगळ्या तारा जिथल्या तिथे होत्या. त्याने झाकण उचलले. आतून तांब्या रुप्यासारखा लखलखत होता. त्याने मीटर लावला. जिथे पाऊण व्होल्ट मिळायचा, तिथे अर्धाही भरेना. तिन्हींचा मिळून दीडसुद्धा होत नव्हता, आणि दिव्याला त्याहून जास्त लागत होते.

"सकाळी तू गेल्यावर कल्हईवाला आलता," आई दारातून म्हणाली. "आतनं हिरवं झालतं रं. मिठाचं पाणी कळकतंय, आन् तू त्यात हात घालतोस. विख चढंल म्हनून करून घेतली. तारा चुकू नयेत म्हनून दोरं बांदलं." ती थांबली. "कल्हईनं झालं व्हय हे?"

भावकूने झाकण परत ठेवले. खरे सांगणे म्हणजे हे सारे तिच्या माथी मारणे होते. आणि न सांगणे म्हणजे पुन्हा तेच कुंपण, आई पुन्हा बाहेर.

"न्हाय गं. सेलच कमजोर झालते. माजं चुकलं."

तिने त्याच्याकडे पाहिले, मग त्या लखलखीत तांब्यांकडे, आणि पदर तोंडाला लावून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. गणपत गल्लीतून नवे सेल आणले, मधे जादा प्रवाह अडवायला एक छोटा रेझिस्टर घालून तारा जोडल्या आणि स्वतः बटण दाबून पाहिले. दिवा कधी नव्हे इतका लख्ख लागला. आई मागाच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती. आप्पांनी एकदा दाबले की ती माग सुरू करणार होती.

भावकू आत गेला, बाजेच्या कडेला बसला आणि बटण आप्पांच्या तळव्यावर ठेवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. त्या नजरेत राग असता तर बरे झाले असते; दिव्यावरचा भरवसाच उरला नव्हता. मग त्यांनी ते त्याच्याच हातात ठेवले आणि आपल्या डाव्या हाताने त्याची बोटे एकेक करून त्यावर मिटवली.

"दाबलं काय रं त्यांनी?" बाहेरून आईने विचारले.

भावकूने बटण न दाबता मूठ मांडीवर ठेवली. मागावरचा दिवा लागला नाही तेव्हा आईने दांडा सोडून दिला, आणि त्या शांततेत आप्पांचा जड श्वास पुढच्या खोलीपर्यंत ऐकू येऊ लागला.